विचारलं तर तीन दाबा

आमच्या इस्पितळाच्या आकडेवारी विभागात आम्ही पाच माणसं होतो आणि त्यातल्या चौघांना पाचव्याचा वैताग होता. त्या पाचव्याला सगळे यादीवाले म्हणायचे. हे नाव मीच पाडलं होतं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट आहे, आणि समोरचा माणूस उलटून बोलणारा नसला की तिला जास्तच धार येते.

विभाग तिसऱ्या मजल्यावर, बरोबर धुलाईघराच्या वर. खालून वाफेचे नळ गेलेले असल्यामुळे फरशी बाराही महिने कोमट असायची. यादीवाले बूट काढून, मोजे घातलेले पाय त्या फरशीला टेकवून बसायचे. किडकिडीत अंग, पुढे आलेली मान, शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी. टेबलावर एक लांबट रजिस्टर आणि गोंदाची बाटली. संगणकाची देखभाल करणाऱ्या माणसाला गोंद कशाला लागतो, असं नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा. आम्ही म्हणायचो, सोमवारपर्यंत थांबा.

सोमवारी सकाळी आठला ते यायचे, मोठ्या संगणकावर बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी छापायचे, पट्टी लावून कापायचे आणि रजिस्टरात चिकटवायचे. दोनशे चौदा पॅकेजं. प्रत्येकापुढे त्याच्या आवृत्तीचा क्रमांक. मागच्या सोमवारच्या यादीशी ओळ न् ओळ बोटानं ताडून बघायची, मग खाली सही.

हे पॅकेज प्रकरण थोडक्यात सांगते. आमचा सगळा हिशोब ‘आर’ या संगणकाच्या भाषेत चालायचा. नुसतं ‘आर’ काही फार करत नाही. जगभरातली माणसं तिच्यासाठी छोटी छोटी अवजारं तयार करून ठेवतात, ती पॅकेजं. पण एक मागवलं की त्याच्यामागून वऱ्हाड येतं. याला ते लागतं, त्याला आणखी दोन लागतात, त्या दोघांना पुन्हा तिसरं. आणि त्यातलं प्रत्येक जण दर थोड्या महिन्यांनी नवी आवृत्ती काढणार. एखाद्यानं आपल्या पोटात काही बारीकसं बदललं की चार घरं पलीकडे तुमचा आकडा हलतो, आणि कोणी ओरडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, काही नाही. आकडा गुपचूप वेगळा येतो.

“बाई,” यादीवाले मला म्हणायचे, “आकडा खरा की खोटा ते तुम्ही बघा, तुमचं शिक्षण आहे. आज आला तो उद्या परत तसाच यायला हवा, तेवढं माझं.”

“अहो, पण नवीन आवृत्ती चांगली असते म्हणून काढतात ना?”

“असेल चांगली. मला चांगली नकोय, मला तीच हवीय.”

अशा माणसाशी काय बोलणार? एकदा एका नव्या डॉक्टरीणबाईंनी न विचारता एक पॅकेज अद्ययावत केलं, तर यादीवाल्यांनी तिला सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण एक होतं. दिवसभर कितीही वाजलेलं असो, संध्याकाळी कोणी निघताना ‘येते’ म्हटलं की रजिस्टरातून डोकं वर काढून ते ‘या’ म्हणायचे. त्या दिवशी तिलाही म्हणाले. वीस वर्षांत एकदाही ते चुकलेले मी पाहिले नाहीत.

त्यांची कदर करणारा इस्पितळात एकच माणूस होता, मोठे डॉक्टर. नवजात बाळांच्या कक्षाचे प्रमुख. वजन फार कमी असलेल्या बाळांना एक औषध किती द्यायचं, याचा तक्ता आम्ही त्यांच्यासाठी तयार करत होतो. सहा इस्पितळं त्या तक्त्याची वाट पाहत होती. डॉक्टर अधूनमधून वर यायचे, माझ्याशी दोन शब्द बोलायचे आणि मग यादीवाल्यांच्या टेबलाशी उभे राहून ते रजिस्टर कादंबरीसारखं चाळायचे. म्हणायचे, “माझ्या कक्षात औषधाच्या बाटल्यासुद्धा इतक्या नीट लावलेल्या नसतात.” यादीवाल्यांचे कान लाल व्हायचे. मला ते बघून थोडं झोंबायचं, हेही सांगून टाकते. तक्ता माझा, कौतुक रजिस्टराचं!

तक्ता पाठवायचा तो आठवडा आला आणि नेमकी यादीवाल्यांच्या बायकोच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. सोमवारी यादी चिकटवून ते आठवडाभराच्या रजेवर गेले. जाताना मोठ्या संगणकाच्या पडद्याखाली एक कागदाची पट्टी चिकटवून गेले. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘विचारलं तर तीन दाबा.’

त्याचा अर्थ आम्हाला पाठ होता. काही पॅकेजं बसवताना संगणक विचारतो की यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत, त्या घ्यायच्या का? एक म्हणजे सगळ्या घ्या. तीन म्हणजे एकही नको.

मंगळवारी मला एक आलेख हवा होता. तक्त्याला आलेखाची गरज नव्हती. गरज मला होती. डॉक्टरांनी एकदा तरी रजिस्टर सोडून माझ्या कामाकडे बघून ‘वा’ म्हणावं, एवढीच. तो आलेख काढणारं पॅकेज नवं होतं. ते मागवलं. संगणकानं विचारलं. मी तीन दाबलं. पॅकेज बसेना, त्याला एका मदतनीस पॅकेजाची नवी आवृत्ती हवी होती. पुन्हा मागवलं, पुन्हा विचारलं. पट्टी डोळ्यांसमोर होती. मी मनात म्हटलं, मोठे आले सांगणारे, आणि एक दाबलं.

एकतीस पॅकेजं बदलली. आलेख फार सुरेख आला.

बुधवारी सकाळी मात्र तक्ता आठवला. तक्त्याचा हिशोब ज्या पॅकेजांवर चालायचा, त्यातली तीन मला नावानं माहीत होती. रजिस्टर उघडलं, त्यांच्या जुन्या आवृत्त्यांचे क्रमांक पाहिले आणि तेवढी तीन परत जुनी करून ठेवली. वाटलं, झालं. गुरुवारी तक्ता काढला, अहवाल छापला, पाठवला. शुक्रवारी बॅकअपची डिस्क शोधताना मला यादीवाल्यांनी सोमवारी काढून ठेवलेली सगळ्या पॅकेजांची प्रत सापडली. नवं सगळं पुसून ती जशीच्या तशी जागेवर ठेवली. जीव भांड्यात पडला. पुढच्या सोमवारी यादीवाले आले, यादी छापली, बोट फिरवलं. दोनशे चौदापैकी एकही ओळ हललेली नव्हती. सही केली.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच सकाळी. “एक दाबलं हो मी, चुकलं,” एवढं वाक्य. त्यांनी मला फैलावर घेतलं असतं, तक्ता पुन्हा काढला असता, आणि संध्याकाळी ‘या’ म्हणाले असते. मी मात्र त्यांना वहिनींचा डोळा कसा आहे ते विचारलं.

तीन वर्षांनी बाहेरचे तपासनीस आले. त्यांची रीतच होती, एखादं जुनं काम निवडायचं आणि म्हणायचं, आमच्यासमोर परत करून दाखवा. त्यांनी बाळांचा तक्ता निवडला. यादीवाले खूश! मोजे वर ओढून, रजिस्टर उघडून बसले. त्या सोमवारच्या यादीप्रमाणे दोनशे चौदा पॅकेजं नव्यानं बसवली, जुना हिशोब चालवला. चाळीस मिनिटांनी तक्ता आला. तिसऱ्या ओळीत अहवालात होतं ०.४१२. पडद्यावर होतं ०.४३७.

कोणत्याही बाळाला त्या फरकानं इजा झाली नसती. ते डॉक्टरांनी स्वतः तपासून पाहिलं. पण तीच माहिती, तोच हिशोब, आणि आकडा वेगळा, म्हटल्यावर तक्त्यावर भरवसा कोण ठेवणार? सहाही इस्पितळांनी तो भिंतीवरून उतरवला.

बैठक झाली. टेबलाच्या एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला यादीवाले, पुढ्यात रजिस्टर. ते उभे राहिले. आवाज अगदी साधा होता.

“सोमवारची यादी आणि पुढच्या सोमवारची यादी सारखी आहे. म्हणजे मधे कोणी काही बदललं असेल आणि परत ठेवलं असेल. तसं असेल तर काय केलं तेवढं सांगा. नाव नको मला. नाव मी विचारणार नाही, लिहिणारही नाही.”

मी त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते आणि मूग गिळून बसले होते. मनात जुळवाजुळव चालली होती: आता कुठे सांगायचं, तीन वर्षं झाली, बढतीचं वर्ष आहे, आणि त्यांचंही वय झालंय, निवृत्त व्हायला किती राहिलंय. माणूस स्वतःला किती सवलती देतो!

डॉक्टर म्हणाले, “यादीवाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” डॉक्टरांनी त्यांना आमच्या टोपणनावानं हाक मारल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

अहवालात शेरा आला: पॅकेजांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती, ती गेली. उरलेले आठ महिने ते आपलं रोजचं काम करून बाकी वेळ तो ०.४१२ शोधत राहिले. त्या आठवड्यापर्यंत नव्या आवृत्त्या निघालेली एकतीस पॅकेजं त्यांनी बरोबर हुडकून काढली होती. एक एक नवं घालून हिशोब चालवून पाहिला, मग दोन दोन. चारशे पासष्ट जोड्या. बाजूच्या टेबलावर बसून मी हे बघत होते. एक दिवस डबा उघडताना मला म्हणाले, “बाई, माझंच काहीतरी यादीत चुकलं असणार. दुसऱ्या कोणाचं असतं तर तेव्हा बोलला असता तो. माणसं तशी वाईट नाहीत इथली.” मी म्हटलं, “जेवा हो आधी.”

निरोपाच्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले आणि हिशोबाची प्रत घरी नेण्याची परवानगी मागितली. बाळांची नावं काढलेली माहिती होती, डॉक्टरांनी सही दिली. म्हणाले, “सापडलं तर मला दाखवायला या.” हे मला शिपायानं सांगितलं.

त्यानंतर चार वर्षं गेली. मीही निवृत्त झाले, बढतीच्या पदावरून, हारबिर घालून. मग एका मंगळवारी मोठे डॉक्टर गेल्याची बातमी आली. आणि त्याच्या आठव्या दिवशी मी यादीवाल्यांच्या घराचा जिना चढले. का, ते पुढे कळेलच. मला स्वतःला ते जिना चढताना कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

दोन खोल्यांचं घर. दार वहिनींनी उघडलं. त्यांनी मला ओळखलं आणि आतल्या बाजूला बघून म्हणाल्या, “अहो, तुमच्या हपिसातल्या बाई.” बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक जुनाट संगणक घरघरत होता. शेजारी तेच लांबट रजिस्टर, नव्हे, त्याचा पुढचा भाऊ. यादीवाले उठून उभे राहिले. मान आणखी पुढे आली होती.

“बसा, बसा बाई. आवाजाकडे लक्ष देऊ नका. याला एका हिशोबाला अडीच तास लागतात, म्हातारा झालाय बिचारा. दिवसाचे तीन होतात. आता तीन तीन नवी घालून बघतोय. चार हजार चारशे पंच्याण्णव होतात एकूण. आज तीन हजार नऊशे बारावा.”

मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आलेख, पट्टी, एक दाबलं ते, बुधवारची तीन पॅकेजं, शुक्रवारची प्रत. वहिनी दारात भांडं पुसत होत्या, त्यांचा हात थांबला होता.

“म्हणजे तीन नवी आणि बाकी जुनी नाही,” यादीवाले हळूच म्हणाले. “तीन जुनी आणि बाकी नवी.”

“हो.”

“मी उलट्या टोकानं चाललो होतो.” ते खुर्चीत बसले. “सगळं बदलून कोणी फक्त तीनच परत ठेवील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो. म्हणजे हे चार हजार संपले असते तरी सापडलं नसतं.”

“नसतं.”

“कोणती तीन?”

मी सांगितली. त्यांनी चालू हिशोब थांबवला, माझ्यासमोर अठ्ठावीस पॅकेजं नवी बसवली, तीन जुनी ठेवली, प्रत्येक क्रमांक बोटानं ताडला. संगणकानं मधे तो प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी तीन दाबलं आणि बाकीची एकेक करून हातानं घातली. मग हिशोब सुरू केला. अडीच तास मी त्या घरात बसून होते. वहिनींनी चहा दिला, माझ्यासमोर ठेवला, पण ‘घ्या’ म्हणाल्या नाहीत. एकदाच बोलल्या, माझ्याशी नव्हे, नवऱ्याशी. “आता हे यंत्र बंद होणार ना?”

“होणार.”

“चार वर्षं मी या घरात रेडिओ लावला नाही,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिसऱ्या ओळीत आकडा उमटला. ०.४१२. यादीवाल्यांनी खिशातली पट्टी काढून पडद्यावर त्या ओळीखाली धरली, डोळे बारीक करून पुन्हा वाचला. मग रजिस्टर उघडून नोंद केली. तीन पॅकेजांची नावं, क्रमांक, त्या बुधवारची तारीख. ‘कोणी बदललं’ या रकान्याशी पेन थांबलं.

“लिहा माझं नाव,” मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते लिहायलाच हवं होतं. कुठेतरी लिहिलं गेलं की सुटले, असं वाटत होतं.

“नाही. नाव लिहिणार नाही म्हणालो होतो त्या बैठकीत.” त्यांनी रकाना रिकामा ठेवला, खाली सही केली आणि तक्ता छापायला लावला. मग उठून आत गेले. मला वाटलं, आता रडतील, किंवा आतून मला जायला सांगतील. ते बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. केस ओले करून भांग पाडला होता. पायांत बूट होते. छापलेला कागद त्यांनी घडी न घालता, जपून एका फायलीत ठेवला.

“चला,” ते म्हणाले. चेहऱ्यावर तेच जुने लाल कान. “तुम्ही आलात तर बरंच. डॉक्टरांना दाखवून येऊ. संध्याकाळी भेटतात ते घरी.”

यांना कोणी कळवलंच नव्हतं. इस्पितळातलं कोण कळवणार? मीच एक उरले होते.

“डॉक्टर गेले,” मी म्हटलं.

“कुठे?”

“गेले हो. वारले. गेल्या मंगळवारी.”

ते उभेच राहिले. मग उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावू लागले. मंगळवार, बुधवार, गुरुवार. आजच्या मंगळवारापर्यंत आले आणि थांबले. तारखांत तो माणूस कधी चुकला नव्हता.

“आणि तुम्ही आज आलात,” ते म्हणाले.

डॉक्टर असेपर्यंत त्यांच्यासमोर उघडं पडायची हिंमत मला झाली नाही, आणि ते गेल्यावर आठ दिवसही दम निघाला नाही. सात वर्षं मी जिला यादीवाल्यांची भीती म्हणत होते ती त्यांची नव्हतीच कधी, डॉक्टरांची होती. ज्या एका माणसासमोर यादीवाल्यांचं नाव स्वच्छ व्हायला हवं होतं, त्याच्याच जाण्याची मी वाट बघत बसले होते. हे मला त्यांच्या बोटांकडे बघताना कळलं, आणि मला कळलं ते त्यांनाही कळलेलं दिसलं.

त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. वाकून संगणकाचं बटण बंद केलं. घरघर थांबल्यावर खालच्या रस्त्यावरची माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. मी माफी मागितली. ते म्हणाले, “दहा मिनिटांचं काम होतं, बाई. सोमवारी सांगितलं असतंत तर दहा मिनिटांचं.” रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला पेललं असतं.

मी पायांत चपला सरकवल्या. ते दारापर्यंत आले, जिन्यातला दिवा लावला.

“येते,” मी म्हटलं.

ते जरा थांबले. “तिसरी पायरी फुटलीय,” ते म्हणाले. “सांभाळून जा.” आणि दार लावून घेतलं.